तांब्याच्या थरांत दडलेले चुंबकत्व : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तांबे आणि ऑक्सिजन यांच्या सपाट थरांमधील चुंबकीय रचनांविषयी मागील अंकात एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण ती हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे आणि तिची सुरुवात मुंबईत झाली आहे.

प्रश्न : तांब्याच्या भांड्याला लोहचुंबक चिकटत नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी प्रयोग करून दाखवतो. मग तांब्याच्या संयुगांमध्ये चुंबकत्व येते कोठून? (विज्ञान शिक्षिका, मिरज)

उत्तर : आपला प्रयोग अचूक आहे, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष तांबे या धातूपुरता ठेवायला हवा. तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन असतात. धातुरूपात त्याची आतली 'डी' कक्षा दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेली असते आणि उरलेला एक इलेक्ट्रॉन संपूर्ण धातूत मोकळा फिरतो. भरलेल्या कक्षेत प्रत्येक इलेक्ट्रॉनाला विरुद्ध स्पिनचा, म्हणजे विरुद्ध दिशेच्या अंगभूत चुंबकत्वाचा, जोडीदार असल्यामुळे त्यांचे चुंबकत्व परस्परांना छेदून जाते. म्हणूनच तांबे चुंबकाकडे ओढले जात नाही. उलट अतिशय क्षीणपणे दूर सारले जाते.

संयुगात मात्र तांबे बहुधा दोन इलेक्ट्रॉन गमावते. मोकळा फिरणारा एक तर जातोच, शिवाय 'डी' कक्षेतला एक जातो आणि तेथे नऊ उरतात. आठांच्या चार जोड्या लागतात आणि नववा एकटा राहतो. त्या एकट्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन हाच तांब्याच्या आयनाचा चिमुकला चुंबक होय. यापुढच्या सर्व उत्तरांचा विषय हा नववा इलेक्ट्रॉनच आहे.

हे वर्गात दाखवता येते. आपल्या भागातले द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी जे मोरचूद वापरतात, त्याचा एक चांगला टपोरा खडा बारीक दोऱ्याने टांगावा, तो पूर्ण स्थिर होऊ द्यावा आणि जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला निओडिमियमचा चुंबक त्याच्या अगदी जवळ, पण न टेकवता, सावकाश न्यावा. खडा चुंबकाकडे किंचित सरकतो. ओढ अगदी हलकी असते, त्यामुळे पंखा बंद ठेवावा आणि मुलांना श्वास रोखून पाहायला सांगावे. मोरचूद विषारी असल्याने नंतर सर्वांनी हात धुणे आवश्यक आहे.

मोरचुदात तांब्याचे आयन एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या हालचालीने त्यांच्या स्पिनांची दिशा सारखी बदलत राहते आणि बाहेरचे क्षेत्र असेपर्यंतच ते थोडेसे त्याच्याकडे झुकतात. दोन तांब्यांच्या मध्ये ऑक्सिजनचा अणू येऊन बसला, की परिस्थिती पालटते. त्या ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांमार्फत दोन्ही स्पिनांवर परस्परांचा प्रभाव पडू लागतो. ही कल्पना क्रामर्स यांनी १९३४ मध्ये मांडली आणि अँडरसन यांनी १९५० मध्ये तिला नीट रूप दिले. तांबे, ऑक्सिजन आणि तांबे हे तिघे सरळ रेषेत असले, तर दोन्ही स्पिन जोरकसपणे विरुद्ध दिशांना राहू पाहतात. तोच कोन काटकोनाच्या जवळ आला, तर हा जोर फार कमी होतो आणि कधी कधी स्पिन समांतर राहणेच त्यांना सोयीचे ठरते. म्हणजे मूलद्रव्ये तीच ठेवून केवळ कोन बदलले, तरी चुंबकीय स्वभाव पालटू शकतो.

प्रश्न : लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये शेजारचे स्पिन उलटसुलट असतात, असे आपण लिहिले होते. त्यांची बेरीज शून्य येत असेल, तर ही मांडणी आहे हे कळते कसे? शिवाय दोन मितींत अशी मांडणी टिकत नाही, असे मर्मिन–वॅग्नर प्रमेय सांगते. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात? (एम.एस्सी. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ही मांडणी कळते ती न्यूट्रॉनांमुळे. न्यूट्रॉनाला विद्युतभार नसतो, पण स्वतःचे चुंबकत्व असते, त्यामुळे स्फटिकातून जाताना तो अणुकेंद्रांवरून जसा विखुरतो, तसाच इलेक्ट्रॉनांच्या स्पिनांवरूनही विखुरतो. अणूंच्या दृष्टीने तांब्याचे सर्व शेजारी एकसारखे असले, तरी स्पिनांच्या दृष्टीने एक आड एक वेगळा असतो. म्हणजे चुंबकीय रचनेचा पुनरावृत्तीचा टप्पा अणूंच्या टप्प्याच्या दुप्पट होतो. या दुप्पट टप्प्यामुळे न्यूट्रॉनांच्या आलेखात पूर्वी नसलेली शिखरे उगवतात आणि तापमान वाढवत नेले, की ठरावीक ठिकाणी मावळतात. शल आणि स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडमध्ये अशी शिखरे प्रथम दाखवली आणि नेल यांनी त्याआधी कितीतरी वर्षे मांडलेल्या उलटसुलट रचनेला प्रत्यक्ष पुरावा मिळाला. लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये ती १९८७ मध्ये दिसली. त्याच्या आदल्या वर्षी बेडनॉर्झ आणि म्युलर यांना याच कुळातल्या पदार्थात अतिसंवाहकता (विजेला जराही विरोध न होणे) सापडली होती, त्यामुळे या शिखरांकडे साऱ्या जगाचे लक्ष होते.

आता प्रमेयाकडे वळू. मर्मिन आणि वॅग्नर यांचे १९६६ मधील विधान काटेकोर आहे आणि त्याच्या अटी वाचल्या, की विरोध उरत नाही. अट अशी की, थर एकटा असावा, स्पिनांना सर्व दिशा सारख्याच सोप्या असाव्यात, परस्परक्रिया फार दूरवर पोहोचणारी नसावी आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर असावे. अशा थरात लांब लांब तरंगलांबीच्या स्पिनलाटा उठवायला इतकी कमी ऊर्जा लागते, की थोडीशी उष्णताही दूरवरची एकवाक्यता मोडून काढते. खऱ्या स्फटिकात मात्र थरांवर थर रचलेले असतात. लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये थराच्या आतला जोर तापमानाच्या भाषेत सुमारे १५०० केल्विन (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) आहे आणि दोन थरांमधला प्रभावी जोर त्याच्या जेमतेम एक लक्षांश आहे. एवढ्याशा जोराने काय होणार, असे वाटते. पण तापमान उतरत जाते तसतसे थराच्या आत एकमताने उलटसुलट उभे असलेल्या स्पिनांचे प्रदेश झपाट्याने वाढत जातात आणि असा प्रचंड प्रदेश वरच्या थरातल्या तशाच प्रदेशाशी जोडला जातो, तेव्हा तो क्षीण जोरही पुरेसा ठरतो. स्पिनांना थराच्या प्रतलात राहणे किंचित अधिक सोयीचे असते, त्याचीही येथे थोडी मदत होते. परिणामी शुद्ध स्फटिकात सुमारे ३२५ केल्विनला, म्हणजे ५२ अंश सेल्सिअसला, ही मांडणी पक्की होते. त्याच्या वरच्या तापमानालाही थरांच्या आत जवळच्या शेजाऱ्यांमधला उलटसुलटपणा शाबूत असतो. मोडलेली असते ती फक्त दूरवरची शिस्त.

याच पदार्थातली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एकट्या इलेक्ट्रॉनाचे चुंबकत्व एक बोर मॅग्नेटॉनच्या (अणूंचे चुंबकत्व मोजण्याच्या एककाच्या) आसपास असते, पण मांडणी झाल्यावर प्रत्येक तांब्यावर मोजले जाणारे चुंबकत्व त्याच्या साधारण ६० टक्केच भरते. आदर्श चौरस जालकाचे, म्हणजे चौरसांच्या कोपऱ्यांवर स्पिन मांडलेल्या जाळीचे, गणितही निरपेक्ष शून्याला जवळपास हेच उत्तर देते, त्यामुळे हा दोष मोजमापाचाही नाही आणि उष्णतेचाही नाही. सर्वांत लहान आकाराचा स्पिन आणि प्रत्येकाला केवळ चार शेजारी, अशा स्थितीत पुंजयामिकीमुळे (क्वांटम मेकॅनिक्समुळे) शेजारचे स्पिन जोडीजोडीने सतत उलटत राहतात आणि वर–खाली असे आपण काढलेले चित्र चाळीस टक्के पुसले जाते. मग मनात सहज येते की, जालकाची रचना थोडी बदलली तर ते पूर्णच पुसले जाईल का? पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे याच दिशेने जातात.

एक उपप्रश्न पत्राच्या शेवटी होता : असे सर्वच थर उलटसुलट असतात का? नाही. पोटॅशियम कॉपर फ्लोराइडची ठेवण लँथॅनम कॉपर ऑक्साइडसारखीच आहे, तरीही त्यात शेजारच्या तांब्यांच्या कक्षा आळीपाळीने काटकोनात वळलेल्या असल्यामुळे थरातले स्पिन समांतर राहतात आणि सुमारे ६ केल्विनच्या खाली तो लोहचुंबकासारखा वागतो. लँथॅनमच्या पदार्थात जागोजागी स्ट्रॉन्शियम घालून इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर तांब्यांच्या केवळ दोन टक्के इतक्या प्रमाणालाच उलटसुलट मांडणी कोलमडते. १९९५ मध्ये ब्रुकहेवन येथील गटाने याच कुळातल्या निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकात भार आणि स्पिन यांचे पट्टे दाखवले : भार ओळींमध्ये गोळा होतो, ओळींच्या मधल्या जागेत स्पिन उलटसुलट राहतात आणि प्रत्येक ओळ ओलांडताना त्यांचा क्रम पालटतो. या पट्ट्यांचे अतिसंवाहकतेशी नाते काय, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

प्रश्न : शास्त्री–सदरलँड जालक म्हणजे काय? त्यातले शास्त्री भारतीय आहेत का? आणि ज्यात चुंबकीय मांडणीच दिसत नाही, अशा पदार्थाचा चुंबकत्वात एवढा अभ्यास का होतो? (निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : होय, श्रीराम शास्त्री हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून पीएच.डी. केली. जालकाची हकिकत मात्र त्यांच्याही आधी, त्याच संस्थेत सुरू होते.

१९६९ मध्ये चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी कुलाब्याच्या त्या संस्थेत स्पिनांच्या एका साखळीचा विचार केला. साखळीतला प्रत्येक स्पिन लगतच्या शेजाऱ्याशी विरुद्ध राहू पाहतो आणि त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याशीही विरुद्ध राहू पाहतो. तीन लगतचे स्पिन घेतले, तर तिघांचीही इच्छा एकाच वेळी पुरी होणे शक्य नाही. पलीकडच्या शेजाऱ्याचा जोर लगतच्या जोराच्या बरोबर निम्मा असेल, तर या पेचाचे उत्तर अचूक आणि अतिशय साधे निघते, हे त्यांनी दाखवले : स्पिन दोन दोन करून जोड्या बांधतात आणि प्रत्येक जोडी उरलेल्या साखळीपासून अलिप्त होते. घोष पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. मजुमदार–घोष प्रतिमान आज जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवले जाते. ते मुंबईत घडले, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.

जोडी म्हणजे येथे काय, हे नीट पाहायला हवे, कारण सगळे मर्म त्यातच आहे. पुंजयामिकीत दोन स्पिन अशा अवस्थेत जाऊ शकतात, की त्यांचे एकूण चुंबकत्व अगदी शून्य होते. या अवस्थेला सिंग्लेट म्हणतात. तिच्यात एक स्पिन वर आणि दुसरा खाली असतो, असे म्हणणे चूक आहे. कोणत्याही एका स्पिनला स्वतःची दिशा नसतेच. ठरलेले असते ते फक्त दोघांमधले नाते, म्हणजे कोणत्याही दिशेत मोजले तरी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या विरुद्ध येणार. न्यूट्रॉनांना जी शिखरे दिसतात, ती ठरावीक जागी ठरावीक दिशेला रोखलेल्या स्पिनांमुळे. सिंग्लेटांनी भरलेल्या पदार्थात तशी नवी शिखरे येत नाहीत, पण म्हणून त्याला अव्यवस्थित म्हणता येत नाही.

१९८१ मध्ये शास्त्री आणि युटा विद्यापीठाचे बिल सदरलँड यांनी हीच कल्पना साखळीतून सपाट जालकात नेली. चौरस जालक घ्या आणि त्यातल्या काही चौरसांत एक एक कर्ण असा काढा, की प्रत्येक स्पिन बरोबर एका कर्णावर येईल आणि शेजारचे कर्ण एकमेकांना काटकोनात राहतील. कर्णावरच्या दोन स्पिनांची जोडी झाली, असे समजा. शेजारच्या जोडीतला एखादा स्पिन या जोडीच्या दोन्ही टोकांना सारख्याच जोराने जोडलेला असतो. पण जोडीची बेरीज शून्य असल्यामुळे त्याच्यावर येणारी ओढही नेमकी शून्य होते. म्हणून जोड्या परस्परांना जाणवतच नाहीत आणि अवघड प्रश्नाचे अचूक उत्तर हाती येते. बाजूंचा जोर कर्णाच्या जोराच्या निम्म्यापर्यंत असेल, तोवर हीच सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था आहे, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे संगणकाने ही मर्यादा सुमारे ०.६७ पर्यंत वाढवली. निबंध सुंदर होता, पण असे जालक निसर्गात कोठे असेल, याची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

अठरा वर्षांनी ते सापडले. टोकियो विद्यापीठात हिरोशी कागेयामा आणि त्यांचे सहकारी स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट या गडद निळ्या पदार्थाचे चुंबकत्व मोजत होते. त्यात तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात आणि थरांच्या मध्ये स्ट्रॉन्शियम असते. थरात तांब्याचे आयन २.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतरावर दोघे दोघे बसलेले असतात, पुढचा शेजारी ५.१ अँगस्ट्रॉमवर असतो आणि शेजारच्या जोड्या एकमेकींना काटकोनात असतात. जोडण्यांचा नकाशा काढला, तर तो शास्त्री–सदरलँड जालकाशी तंतोतंत जुळतो. हे साम्य मियाहारा आणि उएदा यांनी १९९९ मध्येच ओळखले. बाजू आणि कर्ण यांच्या जोरांचे गुणोत्तर ०.६३ च्या आसपास आहे, म्हणजे मर्यादेच्या आत, पण काठाला अगदी लागून.

मोजमापात हे कसे दिसते? पदार्थ थंड करत नेला, की त्याचा चुंबकीय प्रतिसाद आधी इतर तांब्याच्या संयुगांप्रमाणे वाढतो, १५ ते २० केल्विनच्या दरम्यान शिखर गाठतो आणि तेथून एकदम कोसळून जवळजवळ शून्यावर येतो, कारण जवळपास सर्व स्पिन आता जोड्यांत गेलेले असतात. एक जोडी फोडायला तापमानाच्या भाषेत सुमारे ३५ केल्विनइतकी ऊर्जा लागते.

तेव्हा एक खुलासा करतो. या शून्य क्षेत्रातल्या अवस्थेला काटेकोर अर्थाने चुंबकीय मांडणी म्हणता येणार नाही, कारण कोणी कोणाशी जोडी करायची हे स्फटिकाने आधीच ठरवून दिलेले आहे. स्पिनांनी आपणहून काही निवडलेले नाही. स्पिन आपणहून निवड करतात ते बाहेरून क्षेत्र किंवा दाब लावल्यावर, आणि या पदार्थाची खरी ख्याती त्यामुळेच आहे.

क्षेत्र वाढवत नेले, की जोड्या फुटू लागतात आणि फुटलेली प्रत्येक जोडी चुंबकत्वाचा एक कण म्हणून वावरते. तिला ट्रिप्लेट म्हणतात. बहुतेक पदार्थांत हे कण थरभर मोकळे फिरतात. येथे मात्र शेजारच्या जोड्या काटकोनात असल्यामुळे त्यांना जागचे हलणे फार अवघड जाते. हलता येत नाही आणि एकमेकांच्या जवळ राहणेही परवडत नाही, म्हणून ते थरात ठरावीक अंतरांवर ठाण मांडतात. याचा परिणाम असा की, क्षेत्र वाढत असतानाही चुंबकत्व वाढायचे थांबते आणि आलेखात सपाट पायऱ्या दिसतात. कमाल चुंबकत्वाच्या एक अष्टमांशावर आणि एक चतुर्थांशावर अशा पायऱ्या १९९९ मध्ये दिसल्या आणि एक तृतीयांशावरची लगेच पुढे. पहिली मोठी पायरी सुमारे २७ टेस्लाला येते. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्ला असते, यावरून अंदाज यावा. २००२ मध्ये ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत, निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ०.०३५ अंशांवर, या क्षेत्रात तांब्याच्या अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद मोजला गेला. स्फटिकरचनेच्या दृष्टीने तांब्याच्या सर्व जागा समान असताना अनुनादात मात्र वेगवेगळ्या क्षेत्रांत बसलेल्या अनेक प्रकारच्या जागा दिसल्या. म्हणजे स्पिनांनी स्फटिकाच्या नकाशापेक्षा मोठा, स्वतःचा नकाशा आखला होता. हे एकेकटे ट्रिप्लेट आहेत की दोन दोन ट्रिप्लेट एकत्र बांधून बसले आहेत, यावर नंतर बराच विचार झाला. २०१४ मध्ये कोर्बोझ आणि मिला यांच्या गणनांनी खालच्या पायऱ्यांसाठी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने कौल दिला.

दाबाची कथा याहून अलीकडची आहे. दाबाने अणू जवळ येतात, कोन किंचित बदलतात आणि बाजू व कर्ण यांच्या जोरांचे गुणोत्तर काठाच्या पलीकडे सरकते. साधारण १.८ गिगापास्कलच्या, म्हणजे वातावरणाच्या सुमारे अठरा हजार पट दाबानंतर, दोघांच्या जोड्या मोडून चार चार स्पिनांचे गट होतात. कोणत्या चौरसांनी गट करायचा आणि कोणत्यांनी मोकळे राहायचे, हे स्फटिक सांगत नाही. दोन पर्याय सारखेच असतात आणि स्पिनांना त्यांतला एक निवडावा लागतो. म्हणून ही खरी मांडणी आहे, जरी एकाही स्पिनला दिशा नसली तरी. दाब आणखी वाढवल्यावर अखेर नेहमीची उलटसुलट रचना येते. न्यूट्रॉनांनी या चौकडीच्या अवस्थेचा पुरावा २०१७ मध्ये दिला. जोड्यांकडून चौकड्यांकडे जाणारी सीमारेषा तापमान वाढवल्यावर एका बिंदूत संपते, जशी पाणी आणि वाफ यांच्यातली सीमा ३७४ अंश सेल्सिअसला संपते, हे २०२१ मध्ये दाखवले गेले. चौकडीची अवस्था आणि उलटसुलट अवस्था यांच्यातल्या संक्रमणाचा अभ्यास सध्या फार जोमाने चालू आहे, कारण तेथे स्पिनांचे अर्धे अर्धे तुकडे मोकळे होण्याची शक्यता २००४ मध्ये सेंथिल आणि सहकाऱ्यांनी सिद्धान्ताने वर्तवलेली आहे.

एवढ्या सगळ्यामागे एक स्फटिक असतो, त्याच्याविषयीही चार शब्द लिहायला हवेत. घटक पदार्थांची दाबून भाजलेली कांडी उभी टांगतात, आरशांनी दिव्यांचा प्रकाश तिच्या एका अरुंद पट्ट्यावर एकवटून तेवढाच भाग वितळवतात आणि तो वितळलेला पट्टा कांडीवरून पुढे सरकवतात, तासाला अर्धा मिलिमीटरही नाही इतक्या मंद गतीने. बोटाच्या पेराएवढा स्फटिक मिळायला दिवस लागतात आणि मधेच वितळलेला थेंब सुटला, तर पुन्हा आरंभ. शिवाय नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे वीस टक्के बोरॉन–१० असते आणि ते न्यूट्रॉनांना गिळून टाकते, म्हणून न्यूट्रॉनांच्या प्रयोगांसाठी हा स्फटिक वेगळ्या केलेल्या बोरॉन–११ पासून वाढवावा लागतो. ज्या आलेखांवर सिद्धान्त उभे राहतात, त्यांच्या मुळाशी ही मेहनत असते आणि तिचे श्रेय बहुधा शोधनिबंधाच्या तळटिपेत जाते. हे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : 'कागोमे' जालकातल्या तांब्याच्या खनिजात कितीही थंड केले तरी स्पिन गोठत नाहीत, हे खरे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : आजवर जेथपर्यंत थंड केले गेले आहे, तेथपर्यंत खरे आहे. कागोमे ही जपानमधली बांबूच्या टोपलीची वीण. षट्कोनी भोके आणि त्यांच्या भोवती टोकांना टोके लावून बसलेले त्रिकोण. आपल्याकडचे बुरूडही मोठ्या भोकांच्या टोपल्या पुष्कळदा अशाच विणतात. पट्ट्या जेथे एकमेकींना ओलांडतात, तेथे तांब्याचा एक एक आयन ठेवला, की जालक तयार. प्रत्येक त्रिकोणात तीन स्पिन आणि प्रत्येकाला उरलेल्या दोघांच्या विरुद्ध राहायचे आहे. हा पेच कोठेही सुटत नाही.

ज्या खनिजात हे जालक मिळते, त्याचे नाव हर्बर्टस्मिथाइट. चिलीत सापडणारे हे हिरवे खनिज २००४ मध्ये स्वतंत्र म्हणून नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवले. तांब्याचे थर आणि त्यांच्या मध्ये चुंबकत्व नसलेले जस्त, अशी त्याची रचना आहे. स्पिनांमधला जोर २०० केल्विनच्या घरात असूनही ०.०५ केल्विनपर्यंत कोणतीही चुंबकीय मांडणी दिसलेली नाही. मोठे स्फटिक वाढवायला महिने लागले. २०१२ मध्ये त्यांच्यावर न्यूट्रॉन सोडल्यावर नेहमीच्या स्पिनलाटांच्या रेखीव रेषांऐवजी सर्वत्र पसरलेला प्रतिसाद मिळाला. एक स्पिन उलटवला, की त्याचे दोन अर्धे तुकडे होऊन ते वेगवेगळ्या वाटांनी जातात, असा त्याचा अर्थ लावला जातो. अशा न गोठणाऱ्या अवस्थेची, म्हणजे स्पिनद्रवाची, कल्पना अँडरसन यांनी १९७३ मध्ये मांडली होती.

तरीही सावध राहावे. जस्त आणि तांबे यांचे आयन आकाराने जवळपास सारखे असल्यामुळे जस्ताच्या काही जागांवर तांबे जाऊन बसते आणि हे उपरे स्पिन सर्वांत कमी तापमानाच्या मोजमापांत लुडबुड करतात. या अवस्थेत सर्वांत लहान उत्तेजनाला काही किमान ऊर्जा लागते की नाही, या मूलभूत प्रश्नाची अनुनादाच्या प्रयोगांनी दोन्ही बाजूंची उत्तरे दिली आहेत. अशा वेळी 'स्पिनद्रव सापडला' असे मथळे मला घाईचे वाटतात. 'आजवरचा सर्वांत भक्कम उमेदवार' इतके म्हणणे रास्त होईल.

प्रश्न : या सगळ्याचा उपयोग काय? आणि महाराष्ट्रात राहून या विषयात काम करता येईल का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटपासून आज कोणतेही यंत्र बनत नाही आणि उद्या बनेल, असे आश्वासन मी देणार नाही. उपयोगाचा धागा अतिसंवाहकतेकडे जातो. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनपेक्षा वर अतिसंवाहक राहणारा पहिला पदार्थ, सुमारे ९३ केल्विनचा, १९८७ मध्ये मिळाला आणि तोही तांबे–ऑक्सिजनच्या थरांचाच होता. त्याच वर्षी अँडरसन यांनी सुचवले की, थरातल्या स्पिनांच्या जोड्याच भार वाहू लागल्या, की अतिसंवाहकता येत असावी. त्या कामात चेन्नईचे गणपती भास्करन त्यांच्यासोबत होते. मग शास्त्री–सदरलँड जालकात तर जोड्या आयत्याच आहेत, त्यात भार घातला तर काय होईल, हा प्रश्न ओघाने आला. पण त्या पदार्थात भार घालणे कठीण ठरले आहे आणि तशी अतिसंवाहकता निर्विवादपणे कोणाला मिळालेली नाही. तांब्याच्या थरांत स्पिनांचे एकमेकांशी नाते कसे जुळते, हे कळल्याशिवाय तो प्रश्न सुटणार नाही, असे माझे मत आहे.

काम करण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. ट्रॉम्बे येथील ध्रुव ही १०० मेगावॉटची अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे आणि तिच्या न्यूट्रॉन झोतांवर चुंबकीय पदार्थांच्या रचना मोजल्या जातात. विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी–डीएई वैज्ञानिक संशोधन संघाच्या मुंबई केंद्रामार्फत तेथे प्रयोग करता येतात. ट्रॉम्बेची ही परंपरा पी. के. अय्यंगार यांच्यापासूनची, त्यांनी न्यूट्रॉनांचे तंत्र कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याकडे शिकून येथे रुजवले. ब्रॉकहाउस यांना त्याच तंत्रासाठी १९९४ चे नोबेल मिळाले. पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) वितळत्या पट्ट्याने स्फटिक वाढवण्याची भट्टी आहे, तर मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा संस्थेत चुंबकीय मोजमापे चालतात. आपण सध्या बी.एस्सी.ला आहात, तर पुंजयामिकीतली स्पिनांची बेरीज आणि सांख्यिकीय भौतिकी या दोन गोष्टी पक्क्या करा, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मजुमदार–घोष साखळीतल्या चार, सहा आणि आठ स्पिनांचे गणित साध्या संगणकावर सोडवता येते आणि जोड्यांचे अचूक उत्तर आपल्याला स्वतः पडताळून पाहता येते.